जेजे बिघडले, ते म्हणे आमच्या वस्तीमुळे!

जेजे रुग्णालयाविषयी बोलताना चांगली शिकली-सवरलेली माणसेही एक वाक्य हमखास उच्चारतात. "एके काळी काय हॉस्पिटल होते! पण मग आजूबाजूची वस्ती बदलली." वाक्य इथेच थांबते. बोलणारा पुढे काही सांगत नाही, कारण सांगायची गरज नसते. नागपाडा, मदनपुरा, डोंगरी, भेंडीबाजार, कामाठीपुरा ही नावे तोंडाने घ्यावी लागत नाहीत. ऐकणारा समजून मान हलवतो. आम्हीही समजतो. फरक एवढाच की आम्ही त्या वस्तीतले आहोत, आणि मान हलवायची की नाही हा प्रश्न आमच्यापुढे दर वेळी नव्याने उभा राहतो.

खरे सांगायचे तर पुष्कळ वर्षे आम्हीही मान हलवली. आपल्यातले जे शिकले, नोकरीला लागले, मीरा रोडला किंवा नव्या मुंबईत राहायला गेले, तेही हेच वाक्य बोलतात आणि वर "अपनी कौम ही ऐसी है" अशी पुस्ती जोडतात. ही पुस्ती आम्हाला मूळ वाक्यापेक्षा जास्त झोंबते. म्हणून एकदा हिशेब मांडायचे ठरवले. वस्तीने जेजेचे काय केले आणि जेजेच्या नावाने जो इतिहास सांगितला जातो त्याने वस्तीचे काय केले, याचा हा हिशेब आहे.

जेजेचा इतिहास साधारणपणे असा सांगतात : गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी मुंबईत एतद्देशीयांना वैद्यकशिक्षण देण्याचा आग्रह धरला. १८३८ मध्ये ते वारले. त्यांच्या स्मरणार्थ कॉलेज निघाले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले. १८४३ मध्ये पायाभरणी झाली आणि १८४५ मध्ये दोन्ही संस्था सुरू झाल्या. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. यापुढे प्राध्यापकांची नावे, इमारतींची नावे, देणगीदारांची नावे. गव्हर्नर, शेठ, डॉक्टर या तीन पायांवर हा इतिहास उभा आहे. त्यात रोगी कुठे आहे? रोगी आकड्यांत आहे, आणि वस्ती त्या शेवटच्या अर्ध्या वाक्यात आहे.

जमशेटजींचे मोठेपण आम्हाला नाकारायचे नाही. लहानपणी आईबाप गमावलेला, रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यातून वर आलेला हा माणूस दानाच्या बाबतीत खरोखर दिलदार होता. पण ती संपत्ती आली कुठून? चीनच्या व्यापारातून, आणि त्यात अफूचा वाटा मोठा होता. त्या व्यापारात त्यांचे भागीदार होते मोतीचंद अमीचंद हे जैन, रोझेरिओ द फारिया हे गोव्याचे ख्रिस्ती आणि महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान. आमच्या कोकणी मंडळींना रोगे हे आडनाव ठाऊक आहे, पण जेजेच्या संदर्भात ते कुणी घेत नाही. जेजे रोग्यांनी बांधले, असे काही आम्ही म्हणत नाही. दान जमशेटजींचेच. आमचे म्हणणे एवढेच की ज्या पैशातून हे रुग्णालय उभे राहिले त्याच्या कमाईत पारशी, जैन, ख्रिस्ती आणि कोकणी मुसलमान एका पेढीवर बसले होते. आमचा जेजेशी संबंध वस्ती बदलल्यावर आला, असे कुणी समजू नये. (अफूचे पैसे ही काही मिरवायची गोष्ट नव्हे, हे आम्हालाही कळते. पण मिरवायचे नसेल तर कुणीच मिरवू नये.)

आता वस्तीकडे वळू. १८४५ मध्ये भायखळा म्हणजे गावाबाहेरची हवेशीर जागा. १८३३ मध्ये निघालेला भायखळा क्लब तिथे होता, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान होते, साहेबांचे आणि शेठांचे बंगले होते. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांची हवेली भायखळ्यातच होती. १८६१ मध्ये त्यांनी तिथे सिनेगॉग बांधले. अशा ठिकाणी रुग्णालय निघाले ते 'देशी' लोकांसाठी, आणि देशी लोक राहत होते दक्षिणेला, किल्ल्याबाहेरच्या दाट गल्ल्यांत. रुग्णालय आधी आले आणि शहर चालत चालत त्याच्यापर्यंत पोहोचले.

शहराला तिथवर आणले कोणी? १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि ती भायखळ्यावरून गेली. त्याच दशकात कापडाच्या गिरण्या निघाल्या. धूर आला, मजूर आले, चाळी आल्या. मग बंगलेवाले मलबार हिलकडे सरकले. १८८३ मध्ये शर्यतीचे मैदान महालक्ष्मीला गेले. ससूनांच्या हवेलीत १९०२ पासून डॉ. मसिना यांचे रुग्णालय निघाले, ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. म्हणजे जेजेच्या परिसरातला पहिला मोठा बदल आमच्या लोकांनी केलेला नाही. गिरणीमालकांनी केला, रेल्वेने केला, गोदीने केला, आणि बदल झाल्यावर ज्यांना त्यातून पैसा मिळाला ते धूर नसलेल्या टेकडीवर राहायला गेले. त्यांच्या जाण्याने जेजे बिघडले, असे मात्र कुणी लिहिलेले आमच्या वाचनात नाही. जाणारे गेले ती 'प्रगती' आणि राहिले ती 'बिघडलेली वस्ती', हा कुठला न्याय?

राहिले ते कोण होते? १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून उजाडून आलेले विणकर, ज्यांना तेव्हा जुलाहे म्हणत आणि आज आपण मोमीन किंवा अन्सारी म्हणतो. त्यांतले काही मालेगावला थांबले, काही भिवंडीला, आणि काहींनी मदनपुऱ्यात माग टाकले. गोदीत आणि बोटींवर काम करणारे कोकणी होते, कच्छ-काठियावाडचे मेमन, खोजे, बोहरे होते. भेंडीबाजारात अरब घोडेव्यापाऱ्यांचे तबेले होते. कामाठीपुऱ्यात आंध्र-तेलंगणातून आलेले कामाठी होते, आणि घाटावरून, कोकणातून आलेले दलित आणि कुणबी आजूबाजूच्या चाळींत होते. त्या काळी कुणी आम्हाला 'एकगठ्ठा मुस्लीम वस्ती' म्हटले असते तर ते आम्हालाच कळले नसते.

१८७६-७७ चा दुष्काळ पडला तेव्हा दख्खनमधून भुकेली माणसे मुंबईत आली. त्यांच्याबरोबर उलटून उलटून येणारा एक ताप आला. ग्रँट मेडिकल कॉलेजचे हेन्री व्हॅनडाइक कार्टर (ज्यांच्या चित्रांवर जगभरचे विद्यार्थी 'ग्रेज अ‍ॅनाटमी' शिकले तेच हे) यांनी त्या भुकेल्या माणसांच्या रक्तात मळसूत्री जंतू पाहिले आणि त्यावर ग्रंथ लिहिला. कार्टरांचे नाव राहिले, ते राहायलाच हवे. पण ते रक्त कोणाचे होते?

प्लेगच्या वेळी हेच मोठ्या प्रमाणावर झाले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांच्या आत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. ही गोष्ट सगळे सांगतात आणि ती आहेच तशी सांगण्यासारखी. पण तिचा पुढचा भाग हळू आवाजात सांगितला जातो. त्यानंतर लस टोचली गेली ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. जेजेपासून चालत जाण्याइतक्या अंतरावरचा हा तुरुंग. लस लागू पडते हे जगाला प्रथम या कैद्यांच्या शरीरांवरून कळले. ते स्वेच्छेने पुढे आले, असे लिहिलेले असते. तुरुंगातली स्वेच्छा कशी असते यावर आम्ही काय बोलावे! त्या कैद्यांच्या नावाचा एक दगड आजवर कुठे बसला नाही.

मुसलमान विज्ञानाला घाबरतात, लस टाळतात, हे आपण पोलिओच्या दिवसांत पुष्कळ ऐकले आणि कोविडमध्येही ऐकले. अशांना आम्ही १८९७ ची आठवण देतो. तेव्हा तिसरे आगाखान वीस वर्षांचेही नव्हते. लोकांच्या मनातली भीती जावी म्हणून त्यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, एकदा नव्हे, अनेकदा. हाफकिनना प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. हजारो खोजांनी लस घेतली. परळच्या हाफकिन संस्थेच्या आधीचा हा मुक्काम आमच्या किती मुलांना शाळेत शिकवला जातो?

आणि मदनपुरा? ९ मार्च १८९८ रोजी तिथल्या जुलाह्यांनी प्लेगच्या तपासणी पथकाला अडवले. एका आजारी विणकराच्या मुलीला तपासून घेऊन जायला माणसे आली होती. घरच्यांनी नकार दिला, गल्ली जमली, दगडफेक झाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली आणि दंगल शहरभर पसरली. या प्रसंगाकडे दोन तऱ्हांनी पाहिले जाते. एक सरकारी : अडाणी, धर्मांध जुलाहे. दुसरी आपल्यातल्या काहींची : पडद्यासाठी, दीनसाठी लढलेले शूर. आम्हाला दोन्ही मान्य नाहीत. फेब्रुवारी १८९७ च्या साथीच्या कायद्याने घरात घुसायचा, सामान जाळायचा, माणूस उचलून न्यायचा अधिकार सरकारला दिला होता. त्याच धाकदपटशाविरुद्ध पुण्यात चापेकरांनी रँडला गोळी घातली आणि त्याला देशभक्ती म्हटले गेले. मदनपुऱ्याच्या विणकराने दार अडवले तर ती धर्मांधता? त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की त्या गल्लीत प्लेग खरा होता आणि मुलगी खरोखर आजारी होती. तिचे पुढे काय झाले, हे ना सरकारने लक्षात ठेवले ना आपण. ती वाचली असती तर कोणत्या डॉक्टरच्या हातून? स्त्रियांसाठी स्त्रियांनी चालवायचे कामा हॉस्पिटल मुंबईत १८८६ मध्ये निघाले होते. पण मदनपुऱ्याच्या माणसाला त्या दाराचा पत्ता ठाऊक असेल असे आम्हाला वाटत नाही.

त्या काळात आणखी एक गोष्ट झाली आणि तिचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत. सरकारी रुग्णालयात जात बाटेल, पडदा मोडेल, हलाल मिळणार नाही म्हणून जातीजातींनी, जमातीजमातींनी आपापली प्लेगची रुग्णालये उघडली. सरकारनेही त्याला उत्तेजन दिले, कारण खर्च वाचला आणि कटकट गेली. आजार सगळ्यांचा एकच, पण खाट आपापली. पुढे शहर सुधारायला १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याच्या पहिल्या योजनांत नागपाडा होता. घरे पाडली गेली. पाडलेल्या घरांतल्या सगळ्यांना नवी घरे मिळाली नाहीत, आणि उठवलेली माणसे शेजारच्याच गल्लीत जाऊन आणखी दाटीने राहिली. वस्ती दाट का झाली, याचे उत्तर या कागदांत आहे. आमच्या कुटुंबांतल्या पोरांची संख्या मोजणाऱ्यांनी एकदा तेही चाळावेत.

विसाव्या शतकातली पुष्कळ वर्षे आम्ही इथे सोडून देतो. एकच चित्र सांगतो, ते आमच्या घराघरातले आहे. कोकणातून बोट भाऊच्या धक्क्याला लागायची. रोगी उतरवून टांग्यात घालायचा आणि आधी गावच्या जमातीच्या खोलीवर न्यायचा. डोंगरीत, माजगावात अशा खोल्या होत्या, गावागावाच्या नावाने. तिथे वळकटी ठेवायची आणि मग जेजे. खोलीवरचा एखादा खलाशी दोन घरांमधल्या मोकळ्या दिवसांत रोग्याबरोबर केसपेपरच्या रांगेत उभा राहायचा. रत्नागिरी-रायगडच्या मुसलमानाला मुंबईत जेजे जवळचे वाटले ते अशा खोल्यांमुळे. रुग्णालयाला जोडून धर्मशाळा बांधायला सरकारला जमले नव्हते, ती वस्तीने आपल्या भाड्याच्या खोल्यांत चालवली. या खोल्यांचा जेजेच्या कुठल्या स्मरणिकेत उल्लेख आहे? असेल तर आम्हाला दाखवा, आम्ही शब्द मागे घेऊ.

आता येऊ 'बिघडण्या'कडे. जेजेच्या नावाला सर्वात मोठा डाग लागला तो १९८६ च्या सुरुवातीला. भेसळ असलेले ग्लिसरीन दिल्यामुळे चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. औषध-खरेदी, परवाने, तपासणी, मंत्रालय, सगळे उघडे पडले. आरोग्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. त्या अहवालात नागपाड्याच्या वस्तीने ग्लिसरीनमध्ये विष मिसळले असे लिहिलेले नाही. ते टेंडरमधून आले, सहीशिक्क्यानिशी आले. पण बघा, आज सामान्य माणसाला विचारले की जेजे म्हटल्यावर काय आठवते, तर ग्लिसरीन फार थोड्यांना आठवते. बहुतेकांना आठवतो तो सप्टेंबर १९९२ चा गोळीबार. टोळीवाले वॉर्डात शिरले, उपचार घेणाऱ्या विरोधी टोळीतल्या एकाला आणि पहाऱ्यावरच्या दोन पोलिसांना मारून गेले. भयंकर होते ते, त्याला माफी नाही. त्यावर सिनेमे निघाले. टेंडरवर सिनेमा निघत नाही. आणि टोळीचा मुसलमान म्हणजे वस्तीचा मुसलमान, हे समीकरण तेव्हापासून जेजेच्या फाटकाला चिकटले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणि पुढल्या जानेवारीत काय झाले ते इथे विस्ताराने लिहायला नको. श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने मेलेले ९००. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. उरलेल्यांतल्या ४५ जणांची ओळख पटली नाही. त्या दिवसांत जेजेत आणि नायरमध्ये जखमी आणले जात होते, आणि डॉक्टर, नर्सेस, आया, वॉर्डबॉय, ज्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते, घरी न जाता राबत होते. ते रुग्णालय मुसलमान वस्तीत होते म्हणून भोसकलेला मुसलमान तिथवर पोहोचू शकला. तेच रुग्णालय सरकारी होते म्हणून भोसकलेला हिंदूही त्याच वॉर्डात झोपला. वस्तीतले असणे आणि सगळ्यांचे असणे यांत विरोध नसतो, हे त्या दोन महिन्यांत जेजेने दाखवून दिले. गोळीबाराच्या त्या एका घटनेवर सिनेमा निघतो आणि या दोन महिन्यांवर एक प्रकरण निघत नाही.

२००२ मध्ये जेजेपासून उड्डाणपूल झाला. अडीच किलोमीटरच्या आसपास लांबी, महंमद अली रोडच्या डोक्यावरून थेट छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे. त्याला नाव दिले कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे. आमच्या वडीलधाऱ्यांना नावाचा आनंद झाला. आम्हाला तेव्हाही त्यातला विनोद दिसला होता. पूल बांधला तो वस्तीत न उतरता पुढे जाता यावे म्हणून, आणि नाव दिले वस्तीच्या संताचे. २०१० पासून पुलावर दुचाकींना बंदी आहे, म्हणजे वस्तीतला पोरगा आपल्या स्कूटरवरून त्यावर जाऊही शकत नाही. घरांच्या खिडक्यांपासून हातभर अंतरावरून मोटारी जातात, खालच्या रस्त्यावर धूर साठतो, आणि मग खोकला घेऊन माणूस जेजेच्या ओपीडीत येतो. पुलाची जेजेकडची बाजू चढायला सोपी आहे, असे आमचे एक ज्येष्ठ स्नेही म्हणत.

पुढे १ एप्रिल २००४ रोजी देशात एचआयव्हीची औषधे मोफत द्यायला सुरुवात झाली ती आठ सरकारी रुग्णालयांत. त्यांतले एक जेजे. का? कामाठीपुरा हाकेच्या अंतरावर आहे म्हणून, मुंबईभरचे आणि राज्यभरचे रोगी तिथे येत होते म्हणून. ज्या वस्तीला गलिच्छ म्हणून नाक मुरडले, तिच्या आजारांवर काम करून करून तिथल्या डॉक्टरांचा हात बसला. प्लेगच्या बाबतीत तेच, उलट्या तापाच्या बाबतीत तेच, क्षयाच्या बाबतीत तर आजही तेच. मदनपुऱ्यातल्या बॅगांच्या, जरीच्या कारखान्यांत बिहार-बंगालची पोरे जिथे काम करतात तिथेच झोपतात, खिडकी नसते. त्यांचा खोकला ऐकून शिकलेला निवासी डॉक्टर पुढे परदेशात छातीचा तज्ज्ञ म्हणून नाव काढतो. वस्तीने जेजेला बिघडवले नाही. वस्तीने जेजेला शिकवले, आणि शिकवण्याची फी कधी मागितली नाही.

इथवर दुसऱ्यांना बोललो. आता थोडे घरात बोलू, कारण हा अंक आपल्या घरातला आहे.

जेजेच्या आवारात निवासी डॉक्टरवर हात उगारला जातो तेव्हा उगारणारे कधी कधी आपल्याच गल्लीतले असतात. एका रोग्यामागे वीस माणसे वॉर्डात घुसतात. छत्तीस तास न झोपलेली, लातूरच्या नाहीतर बुलढाण्याच्या शेतकऱ्याची ती पोर समोर उभी असते, आणि तिला मराठीत दोन शब्द समजुतीचे बोलणारा त्या वीसांत एकही नसतो. सव्वाशे वर्षे या शहरात राहून केसपेपरवरचा मराठी मजकूर वाचायला आपल्याला दुसरा माणूस लागतो, ही शरम आपली आहे. आम्ही मराठी लिहिणारे मुसलमान म्हणून वस्तीत थोडे विचित्र गणले जातो. पण रेशनकार्डाचा फॉर्म, योजनेचा अर्ज, मृत्यूचा दाखला असे काही निघाले की आमच्याच दारावर थाप पडते. तेव्हा मराठी चालते.

दुसरी गोष्ट. 'अपना हॉस्पिटल बनाओ' ही आपल्या जमातींची जुनी हौस. साबू सिद्दीक, हबीब, प्रिन्स अली खान, सैफी या संस्थांनी पुष्कळ चांगले काम केले आहे आणि ते फक्त आपल्यासाठी केलेले नाही. त्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण ट्रस्टच्या रुग्णालयाचा आणि गरिबाचा संबंध मेहरबानीचा असतो, हक्काचा नसतो. उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या आहेत. २००६ पासून ही योजना लागू आहे. आम्ही एका ट्रस्टच्या रुग्णालयात, नाव घेत नाही, जरीकाम करणाऱ्या एका पोरासाठी ही खाट मागायला गेलो. काउंटरवरच्या भल्या माणसाने विचारले, कार्ड पिवळे की केशरी? पोराकडे कोणतेच नव्हते. तो शेवटी जेजेत जमिनीवरच्या गादीवर बरा झाला. आणि माजगावचे प्रिन्स अली खान, १९४५ पासूनचे, २०२२ मध्ये इमारत धोकादायक ठरली म्हणून बंद करायचे ठरले, तेव्हा तिथल्या रोग्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या हाती विनंती करण्यापलीकडे काय होते? सरकारी रुग्णालय बंद करायचे तर विधानसभेत आवाज उठतो, मोर्चा निघतो, आमदाराला जाब द्यावा लागतो. आपली जकात आणि आपला पैसा जमातीच्या इमारतीत घालताना आपण जेजेवरचा आपला हक्क सोडून देतो आहोत का, हा प्रश्न आपल्या मजलिसांत कुणी विचारत नाही. जातीजातीची प्लेगची रुग्णालये निघाली तेव्हाही तो कुणी विचारला नव्हता.

आता वस्ती पुन्हा बदलते आहे. भेंडीबाजारात २००९ पासून बोहरा समाजाच्या ट्रस्टने साडेसोळा एकरांवर अडीचशेच्या आसपास इमारतींचा पुनर्विकास हाती घेतला. त्याच भागात ३१ ऑगस्ट २०१७ रोजी हुसैनी इमारत कोसळून तीसहून जास्त माणसे मेली. जखमींना नेले जेजेतच. आग्रीपाड्यात, नागपाड्यात, भायखळ्यात टॉवर चढले आहेत. बिल्डरांच्या जाहिरातीत या भागाला भायखळा म्हणत नाहीत, 'साऊथ मुंबई' म्हणतात. टॉवरमध्ये राहायला येणारा जेजेत येणार नाही, त्याच्यासाठी दुसरी रुग्णालये आहेत. त्याला जेजे हवे असेल ते फारतर जुन्या दगडी इमारतीपुरते, बाल्कनीतून बघायला. नोव्हेंबर २०२२ मध्ये आवारातल्या एका जुन्या इमारतीखाली इंग्रजांच्या काळातले भुयार सापडले, तेव्हा वर्तमानपत्रांनी केवढे फोटो छापले! वरच्या मजल्यांवरच्या रोग्यांचा फोटो छापून यायला मात्र इमारत पडावी लागते. मध्य मुंबईतल्या चाळीसेक एकर सरकारी जमिनीकडे बिल्डर कोणत्या नजरेने बघतो हे कळायला फार अक्कल लागत नाही. उद्या खाजगी भागीदारीची भाषा आली, तर आजवर ऐकत आलेले ते वाक्य तेव्हा कामाला येईल. वस्ती बदलली आहे, आता हॉस्पिटलही बदलले पाहिजे.

आणि जुनी वस्ती कुठे गेली? १९९३ नंतर भीतीने गेली, त्यानंतर भाड्याने आणि पागडीने घालवली. मुंब्रा-कौसा, गोवंडी, मीरा रोडचे नयानगर, कुर्ला. माणसे गेली, रुग्णालय त्यांच्या मागे गेले नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की मुसलमानांच्या दाट वस्त्यांत सरकारी सोयी पोहोचत नाहीत. राज्याच्या मेहमूदुर रहमान समितीचा अहवालही २०१३ मध्ये आला. मुंब्र्याच्या माणसाला जवळचे मोठे सार्वजनिक रुग्णालय म्हणजे कळव्याचे, ठाणे महापालिकेचे. त्या रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तासांत अठरा रोगी दगावले. त्यांत कोण कुठल्या धर्माचे होते ते आम्ही विचारले नाही, विचारायचे कारणही नाही. कळव्याच्या त्या वॉर्डांवर मुंब्र्यापासून शहापूरपर्यंतचा भार आहे, एवढे पुरे.

म्हणून मुंब्र्याची बाई अजूनही पहाटे उठते. फजरनंतर डबा भरते, मागच्या वेळचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालते, नवऱ्याचा हात धरून धीम्या लोकलमध्ये चढते आणि सँडहर्स्ट रोडला उतरते. ज्या गल्लीत ती लग्न होऊन आली होती ती गल्ली वाटेत लागते. तिथे आता पत्र्याचे कुंपण आहे. जेजेच्या फाटकातला पहारेकरी तिला ओळखत नाही, पण औषधाच्या खिडकीजवळची सफाईची मावशी ओळखते. पुढे कर्नाटक सीमेवरून आलेले एक म्हातारे जोडपे डोळ्यांच्या विभागाची चौकशी करत असते. मावशी त्यांना मराठीत आणि हिला हिंदीत एकच गोष्ट सांगते, खिडकी साडेआठला उघडेल.